लाळेतील सूक्ष्मजंतू आणि बालदंतक्षयाचे पूर्वानुमान

मेघ दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे हे पूर्ववत् अनुमान. नदीला आलेला पूर पाहून वर कोठे तरी पाऊस पडून गेला असे म्हणणे हे शेषवत् अनुमान. मुलाच्या लाळेतील जिवाणूंवरून त्याच्या दुधाच्या दातांना कीड लागेल की नाही, हे सांगू पाहणाऱ्या संशोधनाचे परीक्षण करताना न्यायशास्त्रातील हा भेद उपयोगी पडतो. लाळेतील जिवाणू हे मेघ आहेत की पूर, हाच येथील मूळ प्रश्न होय.

या संशोधनाला दीर्घ परंपरा आहे. तोंडातील जिवाणू शर्करा व पिष्टमय अन्नापासून अम्ल निर्माण करतात आणि त्या अम्लाने दाताचे खनिज विरघळते, हा सिद्धान्त मिलर यांनी १८९० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जिवाणू वेगळा केला. १९६० मध्ये फिट्झजेराल्ड व कीज यांनी हॅम्स्टरवरील प्रयोगांनी विशिष्ट स्ट्रेप्टोकॉकसचे रोगकारकत्व दाखविले. पुढे लाळेतील जिवाणूंची गणना करणाऱ्या चाचण्या प्रचारात आल्या. परंतु गणना अल्प असता धोका अल्प, हे अनुमान जितके विश्वसनीय ठरले तितके गणना मोठी असता कीड लागेलच, हे ठरले नाही.

२०१५ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या परंपरेत निश्चितच पुढचे पाऊल आहे. एका जिवाणूची गणना न करता त्यांनी ५० बालकांच्या दातांवरील थरातील व लाळेतील समग्र जिवाणूसमूहाचा दोन वर्षे मागोवा घेतला. वयानुसार होणारा स्वाभाविक बदल आणि रोगाशी निगडित बदल त्यांनी वेगळे केले, ही या अभ्यासाची खरी गुणवत्ता होय. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या बालकांतील भावी दंतक्षयाचे पूर्वानुमान ८१ टक्के अचूक आल्याचे त्यांनी नोंदविले.

हा आकडा आकर्षक असला तरी त्याचा अर्थ समाजातील रोगाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. एखादी चाचणी रोग होणाऱ्या व न होणाऱ्या, अशा दोन्ही गटांत ८० टक्के अचूक आहे असे समजू. शंभरांपैकी दहाच मुलांना कीड लागणार असेल, तर ती त्यांतील आठ मुले ओळखील; परंतु त्यांच्यासोबत अठरा निरोगी मुलांवरही धोक्याचा शिक्का मारील. पन्नास मुलांना कीड लागणार असेल, तर धोक्यात गणलेल्या पन्नासांपैकी चाळीस खरोखर त्यातील निघतील. भारतातील २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांत दंतक्षय आढळला होता. अशा समाजात चाचणीचा कौल अधिक विश्वसनीय ठरेल हे खरे. पण तेथे प्रतिबंधाची गरज चाचणीवाचूनही सिद्धच असते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. कीड दातावरील चिकट थराखाली लागते. लाळेत मात्र जीभ, गाल व दात या सर्वांवरून सुटलेले जिवाणू एकत्र येतात. संगमावरील गढूळ पाण्यावरून गाळ कोणत्या ओढ्याचा हे ठरवावे, तसे हे आहे. शिवाय मार्श यांच्या १९९४ मधील परिस्थितिकीय उपपत्तीनुसार वारंवार शर्करा खाल्ल्याने थर अम्लमय होतो आणि त्या अम्लात तग धरणारे जिवाणू प्रबळ होतात. ही उपपत्ती ग्राह्य मानल्यास लाळेतील म्यूटन्सची वृद्धी काही अंशी पूरच ठरते: रोगप्रक्रिया सुरू झाल्याची खूण. अशी खूण निरुपयोगी नव्हे. पण तिला कारण समजून केवळ जिवाणूनाशाचे उपाय योजणे, किंवा मुलाला जिवाणू आईकडून आले म्हणून तिला दोष देणे, हे तर्कदुष्ट होय.

पूर्वी लागलेली कीड हीच भावी किडीची सर्वांत बळकट सूचक मानली जाते. परंतु जिचा एकही दात अद्याप किडलेला नाही त्या बालिकेबाबत ही सूचक मूक राहते. लाळपरीक्षेचे खरे क्षेत्र तेथेच आहे, आणि तिचे मूल्यमापनही तेथेच व्हावयास हवे. आहार, फ्लोराइड व कौटुंबिक परिस्थिती यांच्या साध्या चौकशीने जे कळते, त्यात लाळेच्या थेंबाने नेमकी किती भर पडते, हे मोठ्या व भिन्न समाजांतील बालकांवर दाखवून देणे अगत्याचे आहे. तोवर या संशोधनाला आश्वासक म्हणावे. निर्णायक म्हणू नये.