विषयसूत्र आणि हाताचे काम : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

बालशिक्षणाच्या चर्चेत 'विषयसूत्र' हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. एक आठवडा 'फळे', दुसरा 'वाहने', तिसरा 'सागरी जीवन' अशी वाटणी करावयाची, आणि त्या त्या नावाखाली रंगकाम, चिकटकाम, गाणी व गोष्टी एकत्र आणावयाच्या, अशी ही रीत आहे. हाताला काम मिळाले म्हणून ते शिक्षण कृतियुक्त, आणि सर्व कामांना नाव एकच म्हणून ते एकात्म, अशी दोन गृहीतके तिच्या मुळाशी आहेत. ही दोन्ही तपासून पाहण्यास रायगडचा किनारा सोयीचा आहे; कारण येथे 'सागरी जीवन' हे तक्त्यातील सूत्र आणि प्रत्यक्ष समुद्र यांत पुष्कळदा एका पुळणीचेच अंतर असते.

विषयसूत्राची कल्पना नवी नाही. बेल्जियममध्ये देक्रोली यांनी मुलांच्या गरजा व जिज्ञासा यांभोवती अभ्यास गुंफला. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धती मांडली. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तोद्योगाशी सर्व विषयांचा समवाय साधावयाचा होता. या तिन्ही विचारांत एक गोष्ट समान होती : सूत्र हे कामातून किंवा गरजेतून निघावयाचे असे, नावातून नव्हे. मॉन्टेसरीबाईंची दिशा तर अगदी उलट. त्यांच्या साधनांत वस्तू एकत्र येत नाहीत, गुण वेगळे होतात. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे रंगाने एकच, फरक फक्त मापाचा, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. तेथे विषय कोणता, असे विचारले तर उत्तरच नाही. तरीही मुलाचा हात तेथे विचार करीत असतो. तेव्हा सूत्राविना कृती अर्थपूर्ण असू शकते, हे आधीच मान्य केले पाहिजे.

यावरून एक साधी कसोटी सुचते. सूत्र बदलले तर हाताच्या कामात काही बदल होतो काय? कागदाच्या माशावर कापसाचे बोळे चिकटविणाऱ्या मुलाला माशाऐवजी आंबा दिला, तर त्याच्या बोटांना काहीच वेगळे करावे लागत नाही. येथे 'सागरी जीवन' ही नुसती चिठ्ठी आहे. उलट, टोपलीभर शिंपले वेचून आणून ते लहानमोठे, खरखरीत-गुळगुळीत असे लावावयाचे असतील, तर त्या जागी आंबे चालणार नाहीत. हाताला, डोळ्याला व चालण्याला नवेच काम पडेल.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत कसदार विचार किनाऱ्यावरच झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. तो किनारा मात्र मुंबईच्या उत्तरेचा. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी मॉन्टेसरी साधने खेड्यात परवडण्याजोगी नव्हती. म्हणून शंख, शिंपले, बिया, खडे, पाने यांना साधनांचे स्थान मिळाले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातून 'अंगणवाडी' निघाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्द देशभर नेला.

या पर्यायाचे आपण कौतुक करतो, चिकित्सा क्वचित करतो. मॉन्टेसरींच्या ठोकळ्यात चुकीच्या भोकात दट्टा बसत नाही. चूक साधनच दाखविते. शिंपला चूक दाखवीत नाही. दोन शिंपल्यांत मोठा कोणता, हे लांबीवर ठरवावे की रुंदीवर, याचे उत्तर शिंपल्यात नसते. म्हणजे मापाची नेमकी श्रेणी येथे गमावली जाते, आणि ती भरून काढण्याचे ओझे शिक्षिकेच्या प्रश्नांवर येते. बदल्यात जे मिळते ते मात्र कारखान्यातील साधनात नाही : मुलांत वाद होतो. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. पण तो सौदा आहे, हे विसरू नये.

आता रायगडकडे वळू. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला पाण्याने वेढलेला असतो आणि ओहोटीला तेथे पायी जाता येते. कोकणात भरतीचा जुना हिशोब असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला व अमावास्येला बाराच्या आगेमागे भरती. म्हणजे सकाळी अकराला पुळणीवर गेलेल्या मुलांना एका आठवड्यात जी वाळू दिसते, ती पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाण्याखाली असते. चार वर्षांच्या मुलाला पाऊणपट कळणार नाही. पण काठी रोवून 'काल पाणी कोठे होते' हे तो दाखवू शकतो, आणि याहून चांगला मोजमापाचा पाठ मला ठाऊक नाही.

ऋतूचेही तेच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. शाळा उघडतात त्याच सुमारास होड्या शाकारून वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीस काढलेली. जुलैमध्ये 'सागरी जीवन' घ्यावयाचे असेल तर खरा विषय मासा नसून गाठ आहे, दोरी आहे. पेणला याच दिवसांत गणेशमूर्तींच्या कारखान्यांत लगबग असते. 'माती' हे सूत्र तेथे तक्त्यातून आणावेच लागत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कोळ्याच्या मुलाला जाळे आणि आगऱ्याच्या मुलाला मिठागर, असे शिक्षण त्यास पिढीजात धंद्याशी बांधणार नाही काय? वर्धा योजनेवरही असाच आक्षेप घेतला गेला होता. मला वाटते, धोका साहित्यात नसून हेतूत आहे. जाळ्याची गाठ मूल धंदा म्हणून शिकते, की दोन दोऱ्यांतील संबंध म्हणून, यावर सारे अवलंबून आहे. दुसऱ्या हेतूने ती गाठ कोळीवाड्याबाहेरच्या मुलालाही तितकीच उपयोगी. मात्र या मुलांनी बोंबील, बांगडा, कोळंबी घरात हाताळलेली असताना शाळेने त्यांना चित्रातला देवमासा 'ओळखावयास' लावावा, यात त्यांचे ज्ञान अज्ञानात जमा होते. ही हानी मला अधिक गंभीर वाटते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' ही खेळसाहित्याची पेटी आली. पेटी वाईट नाही. बाहुल्या व कोडी कोणत्याही मुलाला आवडतील. परंतु सर्वांसाठी एकच सिद्ध केलेली पेटी आणि अंगणातून भरलेली टोपली यांतील जुना वाद तिने मिटविलेला नाही. टोपली भरावयाची तर आज ओहोटी केव्हा आहे हे पाहून आठवड्याचा तक्ता बदलण्याची मुभा सेविकेस हवी. तिच्या नोंदवहीत उपस्थिती, वजन व आहार यांचे रकाने असतात; तिथीचा रकाना अद्याप कोणी आखलेला नाही.