तांब्यावरून ॲल्युमिनियमवर : दिवाणखान्यातले जुने रस्ते



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की, भिंतीवरच्या शोभेच्या तसबिरींवर व्याख्यान कशाला? पण माणूस भिंतीवर काय टांगतो, यावरून तो स्वतःला कुठला समजतो ते कळतं. अलीकडे चंद्रपुरात नवीन फ्लॅट, दवाखाने, हॉटेलं यांच्या भिंतींवर धातूच्या पत्र्यावर छापलेली जुन्या शहरांची चित्रं दिसू लागली आहेत. लंडनचा रस्ता, पॅरिसचा पूल, फार तर जुनी मुंबई. आम्ही या चित्रांकडे समीक्षेच्या नजरेनं बघणार आहोत.

आधी त्यांची बाजू मांडू. आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, चौकटीत वाळवी शिरते, आणि कोळशाची धूळ तर बाराही महिने. पत्र्यावरचं चित्र ओल्या फडक्यानं पुसता येतं. काच नाही, फुटण्याची भीती नाही. ही सोय खरी आहे, तिला नाक मुरडण्याचं कारण नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. मूळ चित्र कसं बनत असे? तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं रेषा कोरायच्या, त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा. खाचेतली शाई कागद उचलून घेतो. म्हणून खऱ्या प्रतीवर बोट फिरवलं तर रेषा किंचित उठलेली लागते. धातू हे साधन होतं आणि कागद हे चित्र. आता उलटं झालंय. चित्र आधी एका कागदावर छापतात, तो लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर ठेवून सुमारे 200 अंश तापमानाला दाबतात. रंगाची वाफ होऊन तो लेपात मुरतो. रेषेला उठाव उरत नाही. लेप पारदर्शक असला तर कागदाचा पिवळसर उजेड जाऊन तिथे पत्र्याची चंदेरी चमक येते. ट्यूबलाइट लागली की जुन्या लंडनचं आभाळ स्टीलच्या ताटासारखं चकाकतं! आणि हातात धरून वितभर अंतरावरून वाचायचं चित्र चार फुटांचं केलं, की बारीक रेषांची जाळी नुसती जाड दोऱ्यांसारखी दिसते.

पण हा झाला कारागिरीचा दोष. आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ही चित्रं ‘जुनी’ म्हणून विकली जातात, ‘कोणाची’ म्हणून नाही. शार्ल मेरियों या फ्रेंच कलावंतानं 1850 च्या दशकात पॅरिसच्या जुन्या वस्त्या कोरल्या. पुढे ओस्मानच्या रुंद रस्त्यांसाठी त्या शहराचा मोठा भाग पाडला गेला. म्हणजे ते चित्र ही एका जात्या शहराची साक्ष आहे. खालचं नाव आणि साल कापून ते सोफ्याच्या रंगाशी जुळवलं, की साक्षीदाराचं तोंडच बंद होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. 1803 साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांची 24 चित्रं प्रसिद्ध झाली. शीर्षकात नावं जेम्स वेल्स आणि टॉमस डॅनियल यांची. वेल्सच्या हाताखाली पुण्याचा गंगाराम तांबट काम करत होता; लेण्यांची चित्रं त्यानंही काढली होती. आडनाव बघा, तांबट! तांब्यावर हात बसलेल्यांच्या घरातला चित्रकार, आणि तांब्यावरून छापल्या गेलेल्या त्या चित्रांच्या शीर्षकात त्याला जागा नाही. तेव्हा एक नाव गळलं. आजच्या पत्र्यावर तर वेल्सही नाही, डॅनियलही नाही. सगळेच अनाम.

आता चंद्रपूरकडे येऊ. गोंडराजांचा परकोट आपल्या गावाला वेढून आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर अशी चार वेशीची दारं, शिवाय खिडक्या. दारांवर हत्तीला नमवणारा सिंह दगडात कोरलेला आहे. कोरीवकाम पाहायचं तर ते रोज डोक्यावर असतं. पण जटपुरा गेटच्या कोंडीत गाडी अडकली की आपण वर बघत नाही, हॉर्न वाजवतो. 2017 पासून इको-प्रोच्या स्वयंसेवकांनी शेकडो दिवस श्रमदान करून या तटावरची झाडंझुडपं आणि कचरा काढला. त्यांनी जे केलं तीही एक प्रकारची समीक्षाच म्हणायची : काय राखण्यासारखं आहे, हे त्यांनी हातांनी सांगितलं.

कोणी म्हणेल, ‘घर आमचं, भिंत आमची, आवडलं ते लावू.’ अवश्य लावा. परदेशी रस्ता लावणं हा गुन्हा नाही. चांगलं चित्र कुठलंही असो, ते आपलंच असतं. आमची मागणी एवढीच की, घेताना तीन प्रश्न विचारा. रस्ता कुठला? कोणी आणि केव्हा काढला? मूळ आकार काय होता? दुकानदाराला उत्तर देता येत नसेल, तर तुम्ही चित्र घेत नाही आहात, रंगवलेला पत्रा घेत आहात. आणि उत्तरं मिळाली तर ती चित्राखाली लिहून लावा. चकचकीत लेपाऐवजी पांढरा, बिनचमकीचा घ्या, आकार आवरा, उन्हाची भिंत टाळा.

त्याहून बरं एक काम आहे. गावात चित्रं काढणारी मुलं आहेत. एखाद्याला पठाणपुरा दारासमोर बसवा. पानटपरी, विजेच्या तारा, सायकलवाला, सगळं त्याला काढू द्या. मग ते हवं तर पत्र्यावरच छापा, पुसायला सोपं जाईल. फक्त खाली त्याचं नाव आणि साल घाला. शंभर वर्षांनी कोणी ‘हा रस्ता कुठला?’ असं विचारलं, तर उत्तर भिंतीवरच लिहिलेलं असेल.