खड्डा कोण उपसणार?

‘पुराव्यावर आधारलेले आरोग्यधोरण’ हा शब्दप्रयोग आज शासन, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांच्या तोंडी मंत्रासारखा बसला आहे. मी पुराव्याच्या विरोधात नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आणि १९१९ साली साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी मांडणी केली, ती दाखल्यांच्या बळावरच. पोथीला पुराव्याने उत्तर देणे ही आमचीच परंपरा आहे. म्हणूनच पुरावा गोळा करणाऱ्याने मुळात कोणता प्रश्न विचारला, हे तपासण्याचा हक्क मी मागतो. त्यासाठी उदाहरण ग्रामीण संडासाचे घेतो.

२०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओडिशातील पुरी जिल्ह्यात १०० गावे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या निम्म्या गावांत संडास बांधण्याची मोहीम राबवली. या गावांत संडास असलेल्या घरांचे प्रमाण शेकडा ९ वरून ६३ वर गेले. पण मुलांचे जुलाब, जंत, कुपोषण यांत फरक पडला नाही. मध्य प्रदेशातील ८० गावांच्या चाचणीतही मुलांचे आरोग्य सुधारलेले दिसले नाही. उलट २००४ साली महाराष्ट्रात अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील ६० गावांत सुरू झालेल्या प्रयोगात मुलांची उंची वाढलेली आढळली. मात्र तो प्रयोग ठरला होता तीन जिल्ह्यांत. प्रत्यक्षात झाला एकाच जिल्ह्यात.

मग धोरणकर्त्याने कोणता पुरावा मानायचा? संडास निरुपयोगी आहेत असे म्हणायचे, की ते बांधले गेले पण वापरले गेले नाहीत असे म्हणायचे? २०१४ सालीच प्रसिद्ध झालेल्या, उत्तर व मध्य भारतातील पाच राज्यांच्या एका पाहणीत असे दिसले की, चालू संडास असलेल्या शेकडा ४० हून अधिक घरांत किमान एक माणूस उघड्यावरच जात होता. चाचणीने संडास मोजला. माणूस त्यात का जात नाही, हा प्रश्न बाहेरच राहिला.

डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी ‘व्हेअर इंडिया गोज’ (२०१७) या पुस्तकात याचे उत्तर जातीत शोधले. खड्डा भरला तर उपसणार कोण, या धास्तीने लोक स्वस्तातला लहान खड्ड्याचा संडास नाकारतात; बांधलाच तर खड्डा एवढा मोठा खणतात, की उपसण्याची वेळच येऊ नये. वास्तविक दोन खड्ड्यांच्या संडासाचे शास्त्र साधे आहे. एक भरला की दुसरा वापरायचा. पहिल्यातला मैला बंद ठेवला की काही काळाने त्याचे खत होते. शास्त्राच्या लेखी रोगजंतू मरतात. गावाच्या लेखी विटाळ मरत नाही. तेथे पुरावा हरतो.

या पुस्तकाचे मोल मी मान्य करतो. तरीही एक आक्षेप नोंदवतो. त्याच्या उपशीर्षकातच खुंटलेला विकास आणि जातीची ‘किंमत’ शेजारी शेजारी उभी आहेत. उद्या जात शाबूत राहूनही मुलांची उंची वाढली, तर जात निर्दोष ठरणार काय? जातीची किंमत आधी मैला उपसणाऱ्या माणसाच्या अप्रतिष्ठेत मोजली पाहिजे, मग उंचीत.

शासनाची मोजणी तर याहून सोपी. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण शासनाच्याच २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा १९ कुटुंबे कोणताही संडास वापरत नव्हती. २०२१ साली संसदेत सांगण्यात आले की, हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारांत आणि मैलाटाक्यांत गुदमरून मेलेले मात्र वेगळ्या रकान्यात होते. माणूस तोच, मैला तोच. व्याख्या बदलली की मृत्यू नाहीसा होतो. ज्याची नोंद नाही त्याचा पुरावा नाही, आणि ज्याचा पुरावा नाही त्याच्यासाठी धोरण नाही, असे हे चक्र आहे.

यावर उपाय पुराव्याकडे पाठ फिरवणे नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हे अहवाल वाचायला शिकले पाहिजे. नमुना कसा निवडला, काय मोजले, काय सोडले, हे विचारले पाहिजे. स्वच्छतेच्या प्रत्येक मूल्यमापनात आणखी काही रकाने असावेत अशी माझी मागणी आहे: खड्डा कोणी उपसला, तो कोणत्या जातीचा, मजुरी किती, हाती साधन कोणते, आणि तो जिवंत वर आला काय? हे रकाने कोरे ठेवणाऱ्या धोरणाला पुराव्यावर आधारलेले म्हणायला मी तयार नाही.