नालंदाची आग : मूळ साधनांत काय आहे?

बख्तियार खिलजीने नालंदाचे ग्रंथालय पेटवले आणि ते तीन महिने (कोणी सहा सांगतात) जळत होते, हे वाक्य मीही एका व्याख्यानात ठोकून दिले आहे. टाळ्या मिळाल्या. नंतर एका वृद्ध श्रोत्याने शांतपणे विचारले, "आधार कोणता?" मला सांगता आला नाही. त्या दिवसापासून मूळ साधनांच्या मागे लागलो.

महिन्यांच्या हिशेबाची ही आवड जुनीच. खलिफा उमरच्या हुकमावरून अलेक्झांड्रियाच्या ग्रंथांवर हमामखान्यांचे पाणी सहा महिने तापले, ही कथा सविस्तर सांगणारा अल्-किफ्ती तेराव्या शतकातला. अरबांनी ते शहर घेतले सातव्यात.

नालंदाबाबत सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो ग्रंथ म्हणजे मिन्हाज-ए-सिराजची 'तबकात-ए-नासिरी', सुमारे १२६० ची. स्वारीत स्वतः असलेल्या समसामुद्दीनकडून मिन्हाजने हकीकत ऐकली होती, म्हणून तिचे मोल. तीत नालंदाचे नाव नाही. आहे तो 'बिहारचा किल्ला'; अभ्यासक तो बहुधा जवळचा ओदंतपुरी विहार मानतात. ग्रंथ जाळल्याचाही उल्लेख नाही. मात्र जे आहे ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. मुंडन केलेल्या सगळ्यांची कत्तल झाली. मग पुष्कळ ग्रंथ सापडले. त्यांत काय लिहिले आहे हे सांगायला माणसे बोलावली, तर वाचू शकणारा कोणी जिवंत उरला नव्हता.

तेव्हा आगीला आधार नाही म्हणजे काही घडलेच नाही, असा सोयीचा अर्थ काढणाऱ्यांनी हे पान अवश्य वाचावे. दुसरीकडे, तारानाथाच्या १६०८ च्या तिबेटी ग्रंथातली कथा पुढे करून आगीचा दोष ब्राह्मणांवर टाकणारेही आहेत. त्या कथेत अपमानित तीर्थिक बारा वर्षे सूर्यसाधना करून आग लावतो आणि पोथ्यांतून पाणी वाहते! आगी नालंदाला नव्या नव्हत्या; महीपालाच्या अकराव्या राज्यवर्षातला शिलालेख आगीनंतरच्या जीर्णोद्धाराची नोंद करतो, म्हणजे खिलजीच्या बऱ्याच आधीची.

खुद्द नालंदात राहिलेला साक्षीदार म्हणजे तिबेटी भिक्षू धर्मस्वामी. तो १२३४ ते १२३६ या काळात मगधात होता. बहुतेक विहार ओसाड पडले होते, पण नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. सैनिक येताहेत अशी वार्ता आली तेव्हा बाकीचे पळाले. धर्मस्वामीने गुरूंना पाठीवर घेतले आणि जवळच्या देवळात दडवले. सैनिक निघून गेल्यावर दोघे परत आले.