बेतीच्या काठावर थांबलेले रणगाडे

गोवा मुक्तीवर संशोधन-प्रस्ताव लिहिताना एक वाक्य हमखास येतं: 'भारताकडे रणगाडे होते, म्हणून मोहीम 36 तासांत संपली.' वाक्य सुटसुटीत आहे, पण नकाशा समोर ठेवला की डळमळतं.

18 डिसेंबर 1961. सेकंड शीख लाइट इन्फन्ट्री आणि सोबत सेव्हन्थ कॅव्हलरीचे रणगाडे उत्तरेकडून, थिवीमार्गे निघाले आणि संध्याकाळी बेतीला पोचले. समोर पणजी, मध्ये मांडवी. पणजी तिसवाडी बेटावर, आणि तेव्हा मांडवीवर पूलच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून शहरात शिरलं ते पायदळ. तिकडे दीव बेटावर तर राजपूत पलटणीच्या जवानांनी खाडी ओलांडायला तेलाच्या पिंपांना बांबूच्या खाटा बांधून तराफे केले होते. आमच्या सुरगाण्याकडे ओढ्याला पूर आला की एसटी अलीकडेच थांबते. इंजिन किती ताकदीचं, हे तिथे कोण विचारतो? तसंच हे.

मग रणगाड्यांची भूमिका शून्य होती का? इथे दुसरी चूक होते. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले. का? वाहनांवरून येणारं सैन्य अडवायला. म्हणजे जी गाडी पुढे जाऊ शकली नाही, तिनेही शत्रूचे निर्णय बदलले. हा परिणाम 'किती गोळे डागले' या आकड्यात कधीच दिसणार नाही.

शेवटाचं कारणही वेगळं आहे. सालाझारने शेवटपर्यंत लढायला सांगितलं होतं. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी ते मानलं नाही आणि 19 च्या रात्री शरणागतीवर सही केली. हा निर्णय गाळून फक्त शस्त्रांची यादी दिली, तर तुमचं 'म्हणून' हवेतच राहतं.

तेव्हा प्रस्तावात 'रणगाडे किती होते' यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: ते कुठपर्यंत पोचले? तिथून पुढे कोण गेलं? आणि ते येणार म्हणून समोरच्याने काय केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भारतीय कागदांत अर्धंच मिळेल. उरलेल्यासाठी पोर्तुगीज बाजूचे कागद वाचावेच लागतील. त्याची तयारी नसेल तर विषय लहान करा, पण श्रेय वाटायची घाई करू नका.