दारामागचं वाङ्मय

मराठी समीक्षकांनी कादंबरी सोडली नाही, कविता सोडली नाही, जात्यावरच्या ओव्यासुद्धा सोडल्या नाहीत. पण एका वाङ्मयप्रकाराला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. हे वाङ्मय दारामागे असतं. धर्मशाळा, लॉज, हॉलिडे होम, कुठंही जा. खोलीत शिरावं, सामान टेकवावं, दार लोटावं की ते समोर हजर. शीर्षक 'सूचना'. लेखकाचं नाव 'हुकुमावरून'. आणि मुख्य विषय एकच: जाताना खोली कशी ठेवून जावी.

मी काही समीक्षक नव्हे. मी साधा बी.कॉम. आहे आणि नाशकातल्या एका बँकेत गेली वीस वर्षं काउंटरमागे बसतो. पण वरून आलेली परिपत्रकं शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचणारा आमच्या शाखेत मी एकटाच. अशा माणसाला कुठलंच वाङ्मय जड जात नाही. महाबळेश्वरला मंडळी पॉइंट बघत हिंडतात, तेव्हा मी दारामागे उभा राहून वाचत असतो. "अहो, बाहेर सूर्यास्त चाललाय," असं ही ओरडून सांगते, तेव्हा मी नवव्या कलमावर असतो.

या वाङ्मयाचा इतिहास बघू गेल्यास आमच्या नाशिकला मान द्यावा लागेल. इथं रामकुंडावर यात्रेकरू शतकानुशतकं येताहेत, आणि बारा वर्षांनी सिंहस्थ आला की सगळं गावच यजमान होतं. पूर्वी आलेला यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरत असे. तिथं दारामागे काही लिहिलेलं नसे. गरजच नव्हती. उपाध्ये वही काढून तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवायचे. ज्याच्या वहीत आपल्या पणजोबांची सही आहे, त्याच्या ओसरीवर थुंकायची कुणाची छाती होणार?

शिवाय एक संकेत होता. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला की लगेच केर काढायचा नाही. घरातून माणूस नेल्यावर लगेच घर झाडतात, तो प्रसंग वेगळा. तेव्हा जाणाऱ्याच्या पाठोपाठ केरसुणी हातात घेणं अभद्र. आता यजमानीणबाईंना केर काढता येत नाही म्हटल्यावर, निघायच्या आधी पाहुणीनंच पदर खोचून खोली झाडून घ्यावी हे ओघानंच आलं. माझी आई अजूनही हे पाळते. पंढरपूरच्या लॉजमधून निघताना तिनं चादरींच्या घड्या घातल्या, बादली पालथी घातली, आणि मोरी धुवायला खराटा मिळतो का म्हणून मॅनेजरला विचारलं. मॅनेजरनं आम्हांला आधी संशयानं आणि मग आदरानं पाहिलं. बहुधा असं गिऱ्हाईक त्याच्या नोकरीत पहिलंच असावं.

पुढे वह्यांची ओळख कमी झाली, अनोळखी गर्दी वाढली, आणि धर्मशाळांत पाट्या आल्या. 'खोली स्वच्छ ठेवावी.' 'भिंतीवर थुंकू नये.' 'जाताना किल्ली द्यावी.' निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. ही या वाङ्मयाची सूत्रशैली. एक शब्द काढता येत नाही की घालता येत नाही. मात्र व्याकरण जरा पारखून बघा. खोली स्वच्छ ठेवावी. कोणी? कर्ता अध्याहृत! प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून आहे. आमच्या बँकेत 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा मारलेला कागद महिनोन्‌महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असतो, तो याच कर्त्याच्या शोधात. हा हरवलेला कर्ता लक्षात ठेवा. पुढं त्याची गाठ पडणार आहे.

दुसरा कालखंड हॉलिडे होमचा. बँकेतल्या नोकरीत पगारापेक्षा ज्याचं कौतुक नातेवाइकांना जास्त असतं, अशी ती सवलत. नाममात्र भाड्यात दोन खोल्या, गॅस आणि भांडी. इथली सूचना टंकलिखित, भाषा 'सदरहू'ची, आणि शेवटी भांड्यांची यादी: पातेली तीन, कढई एक, चमचे सहा. जाताना भांडी घासून, मोजून परत द्यायची. आमचा केअरटेकर तर कॅशियरनं नोटा मोजाव्यात तसे चमचे मोजत होता. मोजणीत सात भरले.

आता तुम्ही म्हणाल, एक जास्त भरला तर बिघडलं कुठं? वाचकहो, रोकड कमी भरण्याइतकंच ती जास्त भरणंही बँकेत गंभीर मानतात. केअरटेकर बिचारा घाबरला. "साहेब, मागल्या पार्टीचा तर नसेल?" सातवा चमचा हिच्या माहेरचा निघाला. तो ओळख पटवून सोडवून घेईपर्यंत आमची एस.टी. गेली. पण एक मान्य करायला हवं. त्या सूचनेत गोळाबेरीज होती. काय घेतलं, काय परत दिलं, मामला संपला. हल्लीच्या वाङ्मयात तेवढीही सोय उरलेली नाही.

हल्लीचं वाङ्मय मला वाचायला मिळालं ते आमच्या मेव्हण्यांच्या साठीला. मेव्हणे मुंबईचे. गंगापूर धरणाच्या बाजूला त्यांनी दोन दिवसांसाठी एक बंगला घेतला. भाडं वेगळं आणि 'स्वच्छता शुल्क' रुपये १,५०० वेगळं. आत शिरलो, सवयीनं दार लोटलं, आणि डोळे दिपले. प्लॅस्टिकच्या आवरणात एकवीस कलमं!

सुरुवात शांत रसात: 'हे घर आपलंच समजा.' चौथ्या कलमापासून ते आपलं नाही हे स्पष्ट व्हायला लागतं. चादरी काढून एका ढिगात ठेवाव्यात. भांडी घासून पालथी घालावीत. शेगडी पुसावी. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करून फाटकाशी ठेवावा. सतराव्या कलमात ग्लास फुटल्यास दोनशे रुपये, म्हणजे रसपरिपोष थेट भयानकापर्यंत. एकविसावं कलम पुन्हा प्रेमळ: 'पाच तारे द्यायला विसरू नका.'

समीक्षक म्हणून माझा आक्षेप भाषेवर नाही, जमाखर्चावर आहे. स्वच्छतेचे पैसेही घ्यायचे आणि स्वच्छताही आमच्याकडूनच करून घ्यायची, म्हणजे एकच खर्च दोनदा नावे टाकणं. आमच्या शाखेत असं कुणी केलं तर ऑडिटर त्याला चहासुद्धा पिऊ देणार नाही. हे दुखणं आपल्याच देशातलं आहे असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २००८ साली निघालेल्या एअरबीएनबी कंपनीमार्फत जगभर लोक आपली घरं पाहुण्यांना देतात. तिथं जातानाच्या कामांवरून पाहुण्यांची कुरकुर इतकी वाढली, की नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द कंपनीच्या प्रमुखांना सांगावं लागलं: चादरी काढणं, कपडे धुणं, झाडलोट ही कामं पाहुण्यांना लावू नयेत, दिवे बंद करणं, उरलेलं अन्न कचऱ्यात टाकणं, कुलूप लावणं एवढं ठीक. म्हणजे एवढी मोठी कंपनी फिरून फिरून आमच्या धर्मशाळेच्या पाटीपाशीच आली.

निघायच्या दिवशी बंगल्यात दोन पक्ष पडले. मेव्हण्यांचा पक्ष रोखठोक. "पैसे मोजलेत ना? मग राहू दे सगळं तसंच. त्यांना काम नको का?" कचरा करणं हा त्यांच्या दृष्टीनं रोजगारनिर्मितीचा कार्यक्रम होता. भिंतीला केक लागला होता, मोरीच्या जाळीत कोंबडीची हाडं अडकली होती. दुसऱ्या पक्षात ही एकटीच. पहाटे उठून तिनं भांडी घासली, ओटा धुतला, हॉलची फरशीही पुसली. "दादा काहीही म्हणू दे. माणसं कोण होती, असं मागं कुणी विचारायला नको." हे आईचंच वळण, सुनेकडे आलेलं. मी समीक्षक असल्यामुळं तटस्थ होतो. म्हणजे काहीच करत नव्हतो.

अगदीच काही केलं नाही असंही नाही. आदल्या रात्री अंधारात पाणी पिताना माझ्या हातून एक ग्लास फुटला होता. सतरावं कलम तोंडपाठ असल्यामुळं मी आवाज न करता काचा गोळा केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत तळाशी सारल्या. वर कलिंगडाची सालं ठेवली. हिलासुद्धा सांगितलं नाही. वीस वर्षं लोकांच्या पैशांना हात न लावणारा मी, दोनशे रुपयांसाठी कलिंगडाखाली पुरावा लपवून मोकळा झालो.

आम्ही निघालो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की चष्मा राहिला. मेव्हण्यांची गाडी वळवून परत आलो. दार उघडं होतं. आत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट ओढलेला, हातात झाडू. आम्ही गेल्याला अर्धा तासही झाला नव्हता. म्हणजे तो जुना संकेतही गेलाच. बारा वाजता पुढची पार्टी यायची होती. तोवर तीन खोल्या, दोन संडास-बाथरूम आणि तो भिंतीवरचा केक.

"चष्मा व्हय? ठिवलाय जी खिडकीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बोट दाखवलं. त्या बोटाला चिंधी बांधलेली होती. चिंधीवर लाल डाग.

मी विचारलं, "काय झालं?"

"काच व्हती पिशवीत. खाली दडलेली." त्या सहज सांगत होत्या, कुणाला बोल न लावता. "इकडं घंटागाडी येत न्हाई ना भाऊ. मग पिशवी सोडून हातानं येगळं करावं लागतं. वला खड्ड्यात टाकायचा, बाटल्या भंगारवाल्याला."

आम्ही पिशवीला गाठ मारतो तेव्हा आमच्यापुरता कचरा संपतो. तो संपत नाही, नुसता हात बदलतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी म्हणालो, "बाई, ग्लास माझ्याच हातून फुटला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "ग्लास काय, फुटायचाच. सांगायचं निस्तं. न्हाईतर वर ठिवायची काच, दिसंल अशी." मग जरा थांबून म्हणाल्या, "धुळीचं काय न्हाई भाऊ. धूळ काढायचेच पैशे मिळत्यात. उष्ट्यात हात घालावा लागतो त्याचा जीव नको नको व्हतो."

मी खिशातून दोनशे काढले. त्या हसल्या. "ते मालकाचे. मला पट्टी असली तर द्या." मेव्हण्यांच्या गाडीत प्रथमोपचाराची पेटी होती. मेव्हणे स्वतः उतरून ती घेऊन आले, जखम धुऊन पट्टी लावून झाली, आणि मग काही न बोलता त्यांनी भिंतीवरचा केक ओल्या फडक्यानं पुसायला घेतला. मी मोरीकडं गेलो. एकवीस कलमांत ज्यांचं नाव कुठंच नव्हतं, तो कर्ता दारात उभा राहून आम्हां दोघांकडे बघत होता.

नाशकात गोदाकाठी गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आहे, आणि त्यांची धर्मशाळाही. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं ते २००० साली. त्या पुलावरून मी अनेकदा गेलोय, पण त्या माणसाचं व्याकरण त्या दिवशी प्रथम ध्यानात आलं. बाबा एखाद्या गावात आले की पाटी लावत नसत. खराटा घेऊन स्वतः गाव झाडायला लागत, आणि रात्री कीर्तन. म्हणजे जाताना किती स्वच्छ करावं, हा प्रश्न त्यांनी आल्या आल्याच निकालात काढलेला असे. कर्ता अध्याहृत नव्हता. तो हातात खराटा घेऊन रस्त्यात उभा होता.

समीक्षकानं शेवटी निकाल द्यावा असा प्रघात आहे. तर माझा निकाल असा: एकवीस कलमं रद्द. धूळ मालकाची, तिचे पैसे त्यानं घेतलेत. चादरी धुणं, फरशी पुसणं हेही त्याच्याच खात्यावर. उष्टं, खरकटं, केस, थुंकी आणि फुटलेली काच मात्र आपल्या खात्यावर. ही बाकी पुढच्या माणसाच्या नावे ओढायची नाही. आणि लिहिताना 'ठेवावी', 'टाकावा' असं मोघम लिहायचं नाही. कर्त्यासकट लिहायचं: 'माझं उष्टं मी उचलीन. माझ्याकडून काही फुटलं तर मी सांगेन.' बस्स, दोन वाक्यं.

ही दोन वाक्यं मी बँकेतल्या कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली आणि मोठ्या अभिमानानं हिला दाखवली. हिनं ती दोनदा वाचली. म्हणाली, "छान आहेत." मग माझ्या खुर्चीखालचा चहाचा कप, त्यातलं बुडलेलं बिस्किट आणि शेजारी पडलेली शेंगांची टरफलं यांच्याकडं एकवार बघून तिनं टेबलावरची गोंदाची बाटली माझ्या हातात दिली.

"लावा," ती म्हणाली, "आधी आपल्या दारामागं."