तावेर्नातील किसमूर

मदिरागृहातील खाद्यपदार्थांची चर्चा या पृष्ठांत का करावी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांस पडेल. तो आम्हांसही पडला होता. परंतु पणजीच्या मळ्यात मारुतीचे दर्शन घेऊन टेकडीच्या पायऱ्या उतरले की फोंतेन्हस लागते, आणि तेथील एका तावेर्नावरून गेल्यावाचून आमची घराकडची वाट पुरी होत नाही. त्या दाराकडे पाहावयाचे नाही हा लहानपणापासूनचा दंडक. पण भाजलेल्या सुक्या सुंगटांच्या वासाला दंडक कसला लागू पडणार? अखेर एका बुधवारी आम्ही आत गेलो. आम्ही मद्य घेत नाही. हे परीक्षण कोकमाचे सरबत पुढे घेऊन बसलेल्या माणसाचे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खोली ती केवढी! चार बाके, एक लाकडी फळी, फळीमागे वेताच्या वेष्टनातील दोन गाराफांव, आणि भिंतीवर बंद पडलेले घड्याळ. ते दुरुस्त का करीत नाही, असे विचारता पात्रांव म्हणाले, "हांगा वेळ पळोवपाक कोण येता?" पदार्थांची यादी नाही. पात्रांव सांगतील ते खावयाचे, आणि नाही म्हणतील त्याचा हट्ट धरावयाचा नाही.

प्रथम किसमूर आली. हा पदार्थ आमच्या वाचकांच्या घरचा. त्याची थोरवी आम्ही सांगावी असे नाही. सुकी सुंगटे कोरडी भाजून, डोकी-शेपट्या काढून, कांदा, मिरची व ओले खोबरे यांत कालविली की झाली. परंतु आपल्या घरी तिला चिंच वा सोलांचा आंबटपणा. येथे माडाच्या सुरेपासून केलेल्या विनागराचा. सोलांची आंबट चव जिभेवर हळूहळू उतरते, तर विनागराची आधी नाकात शिरते आणि मागाहून जिभेला कळते. आम्हांस आपलीच चव अधिक प्रिय, हे पक्षपाताने का होईना कबूल करतो. पण एका गोष्टीत या तावेर्नाने आमच्या घरावर मात केली. गिऱ्हाईक बाकावर बसल्यावाचून सुंगटे खोबऱ्यात पडत नाहीत, म्हणून शेवटच्या घासापर्यंत ती कुरकुरीत राहतात. घरी आम्ही ती पंगतीच्या आधी अर्धा घटका कालवून ठेवतो आणि मग मऊ पडल्याबद्दल सुंगटांना दोष देतो.

रेशाद भरलेला बांगडा मात्र साधारण. मसाला उत्तम, तेल दमलेले. चोरीस-पाव आम्ही चाखला नाही. त्याविषयी मौन बरे.

आता मुख्य मुद्दा. दारूने किती घरांच्या चुली विझविल्या, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको, आणि आम्हीही ते दाराबाहेर विसरून आत गेलो नव्हतो. फेणी म्हणजे सुमारे ४२ टक्के मद्यार्क. उपाशी पोटी ती काय करते हे ज्याने शेजारी पाहिले आहे त्याला कळते. आमच्या समोरच्या बाकावरील एका गृहस्थांनी दुसरा पेला मागितला. पात्रांवांनी पेल्याऐवजी चण्यांची बशी पुढे सरकविली. "खायनासतना दुसरो कोप ना." गृहस्थ कुरकुरले, पण चणे संपवावयास त्यांना पाव तास लागला, आणि तेवढ्यात त्यांच्या मुलाने दारातून हाक मारली. ते उठून गेले. किसमुरीच्या स्वादापेक्षाही ही बशी आम्हांस अधिक मोलाची वाटली. मद्यासोबतच्या खाद्याचे खरे काम पिणे लांबविण्याचे, पेल्यांची संख्या कमी करण्याचे. त्या कसोटीवर हे तावेर्न उतरते.

अलीकडे 'तावेर्न' हे नाव घेऊन जी सजविलेली उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांतील एकात आम्ही मुद्दाम जाऊन आलो. भिंतीवर मारिओ मिरांडांच्या चित्रांच्या नकला. मिरांडांनी (१९२६–२०११) तावेर्नातली माणसे फार मायेने रेखाटली. येथे त्यांच्या चित्रांखाली बसलेल्यांना एकमेकांकडे पाहण्यास सवड नव्हती. किसमूर काचेच्या प्याल्यात, केव्हाची कालविलेली कोण जाणे. खाऱ्या, तिखट, तळलेल्या पदार्थांच्या बशा न मागता येत होत्या, प्रत्येकीने तहान वाढत होती, आणि वाढपी पेला रिकामा होण्याचीच वाट पाहत उभा होता. शिजविण्याचे कौशल्य तेथे अधिक होते, हे आम्ही नाकारीत नाही. ते कशाच्या सेवेस लावले आहे, एवढाच आमचा आक्षेप.

फोंतेन्हसचे पात्रांव आता थकले आहेत. मुलगे परदेशी, सुंगटे भाजतात त्या त्यांच्या पत्नी. पुढे कोण, हे आम्ही विचारले नाही. शेजारपाजारच्या हिंदूंचे वार मात्र ते आमच्यापेक्षा नेमाने पाळतात. सोमवारी तेथे केवळ चणे, आणि हंगाम असल्यास मीठ-मिरची लावलेल्या कैरीच्या फोडी. किसमूर हवी असल्यास बुधवारी वा शुक्रवारी दिवेलागणीपूर्वी जावे. त्यानंतर उरलेली सुंगटे पात्रांव स्वतः पेजेबरोबर घेतात.